घुंगरू बांधलेला बिल्ला

प्रति,
मे. मॅनेजरसाहेब,
चंद्रकोर कापड गिरणी, सोलापूर.

विषय : पाणी पिणे व त्यानंतर बाहेर जाणे याबद्दल.
संदर्भ : रुद्रप्पा मुकादमांचा तोंडी हुकूम, "पानी प्यायचं तर घरी बस."

मेहेरबान साहेब,

अर्जदार केराबाई मायाप्पा बंडगर, आपल्या गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामास, विनंती नव्हे, खुलासा करते की,

१. खात्यातल्या बायकांना शौचकूपाकडे जाण्यास लाकडी बिल्ला एकच आहे. तो मुकादमांच्या खिशात असतो. मागितला की ते गड्यांना ऐकू जाईल असे विचारतात, "कुनाची शेळी सुटली गं?" त्या लाजेने आम्ही दिवसभर पाण्याला शिवत नाही.

२. त्यानेच माझ्या मूत्रपिंडात खडा धरला. इस्पितळात कूस चिरून काढला, चिंचोक्याएवढा आहे. आता जखम भरली आहे. डॉक्टरसाहेबांनी बजावले आहे की रोज घागरभर पाणी प्यावे, लघवी अडवू नये, नाहीतर खडा पुन्हा धरेल. खाटेवर पडल्या पडल्या मला ओवी सुचली. अर्ज लिहिणारे ज्ञानबा म्हणतात, साहेबाच्या कागदात गाणे बसत नाही. बसवावे :

खडा वाढला पोटात, न्हाय घातलं त्याला पानी
मुकादमाच्या लाजंनं, तहानली गं हरनी

३. डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली तर मुकादम म्हणाले, "डागदराचं पानी डागदराकडं पी की." तरी मी प्याले व बिल्ला मागितला. पुन्हा पुन्हा मागितला, तेव्हा त्यांनी बिल्ल्याला घुंगरू बांधले. म्हणाले, "आता शेळी कुटं हाय ते समद्यास्नी कळंल." सगळे खाते हसले.

४. साहेब, मी मंगळवेढ्याकडची, धनगराची लेक. आमच्या माळावर पाणी थोडे. पण जो तहानलेल्या शेळीला पाण्यावरून हाकलतो, त्याच्या हाती आम्ही कळप देत नाही. आपण तर माणसे दिली आहेत.

५. सोमवारपासून घागर माझ्या सूत गुंडाळायच्या साच्यापाशी राहील. मी पिईन, शेजारची गुरम्मा पिईल, सगळ्या पितील. जायचे तेव्हा उठू, येऊ, तुटला धागा जोडू. हजेरी कापायची तर कापा. कूस दुसऱ्यांदा कापून घेणार नाही. कामावरून काढणार असाल तर कारण कागदावर लिहून द्यावे : पाणी प्याली.

कळावे. कामावर उभी आहे व राहणार,

केराबाई मायाप्पा बंडगर
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
दस्तुर ज्ञानबा
सोलापूर, ता. ७ मे १९३२

सोबत : लाकडी बिल्ला एक, घुंगरासह. मुकादम सकाळपासून शोधत आहेत.