नऊ-तीन की साडेसहा

लिलहुल्त, वेर्मलांड
७ सप्टेंबर १९६९

तीर्थरूप एव्हर्टदादांस,
धाकट्या गुनबोर्गचा सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने बटाटे घरात आले. माझी पाठ मात्र शेतातच राहिली.

पत्राचं कारण ह्यांची बंदूक. गेल्या शरदात ह्यांच्या गोळीने मूस हरीण नुसतं जखमी झालं आणि शिकारीच्या सगळ्या टोळीला दलदलीतून त्याचा माग काढावा लागला. तेव्हापासून आमचा शिकारप्रमुख हिल्डिंग चर्चबाहेर विचारतो, की टोर्स्टेन, यंदा मुसाला मारणार की खाजवणार? हे घरी येऊन म्हणतात, दोष साडेसहा मिलिमीटरच्या बंदुकीचा, एवढ्या धुडाला नऊ पूर्णांक तीनची, नऊ-तीनच हवी. जेवताना तेच, प्रार्थनेनंतरही तेच. दोन वर्षांमागे झाड पडून खांदा मोडला तो ह्यांचाच, आणि दुप्पट धक्क्याची बंदूक हवी तीही ह्यांनाच. आणखी एक मूस अर्धमेला पळाला तर टोळी ह्यांना काढील. मग हिवाळाभर हे भिंतीकडे बघत बसतील, आणि मी ह्यांच्याकडे.

तुम्ही बंदुका दुरुस्त करता. तुमचं ऐकतील. दमले मी.

आपली,
गुनबोर्ग


कार्लस्टाड
१४ सप्टेंबर १९६९

चि. गुनबोर्ग हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याला मी समजवायला गेलो तर तो तोफ मागेल. बाबांनी जन्मभर साडेसहानेच मूस पाडले. गोळी फुप्फुसात गेली की पुरते. पोटात गेली, तर नऊ-तीन तरी काय करणार?

मला शंका खांद्याची आहे. लाकडाच्या ट्रकबरोबर माझी नऊ-तीन पाठवतो. काडतुसं तू भर, त्याला दिसू देऊ नकोस. मध्येच एक वापरलेली रिकामी पुंगळी घाल. बार होणार नाही, पण चाप ओढताना नळी खाली गेली तर समज, गडी धक्क्याच्या आधीच दचकतो. मग साडेसहानेही तेच कर. फसवल्याचं पाप माझ्या नावावर. चर्चला जाणारी तू, मी कुठे जातो?

तुझा,
एव्हर्टदादा


लिलहुल्त
५ ऑक्टोबर १९६९

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

रिकाम्या पुंगळीवर नऊ-तीनची नळी वीतभर खाली गेली. मग साडेसहा हातात दिली, तीही तशीच दचकली. वाटलं, आता माझ्यावर उखडणार. पण ओंडक्यावर बसून म्हणाले, की गेल्या वर्षीही मी डोळे मिटले होते गं. मी शेजारी बसून राहिले.

आज चर्च सुटल्यावर शिकारीच्या जागांच्या चिठ्ठ्या टोपीत पडायच्या होत्या. त्याआधीच ह्यांनी हिल्डिंगला सांगितलं, माझी चिठ्ठी नको, खांदा सावरेपर्यंत मी माग काढणाऱ्या कुत्र्याबरोबर चालतो. मांसाची वाटणी तेवढीच मिळते, पण बंदूक न धरणाऱ्याला इथे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हिल्डिंगने विचारलंच, की मग शेवटी कुठली बंदूक पसंत केलीस? हे म्हणाले, कुत्र्याची दोरी, सहा हात लांबीची.

सगळे हसले. त्यांच्यात हेही होते.

नऊ-तीन ट्रकवाल्याकडे दिली आहे. आज भांडी तशीच ठेवून झोपणार आहे मी, देव बघून घेईल.

आमच्यावरची माया आटू देऊ नये,
गुनबोर्ग