अम्मीच्या खांद्यावरची बॅटरी

४ डिसेंबर, बुधवार

पुन्हा घसरली! फ्लॅशची बॅटरी स्टँडच्या दांड्याला बांधून दहा मिनिटं होत नाहीत, तोच सर्रकन खाली. चार किलोचं धूड. जमिनीवर ठेवावी तर वायर आखूड, वर फ्लॅशपर्यंत पोचत नाही. म्हणजे कुणीतरी ती खांद्याला अडकवून स्टँडशेजारी उभं राहायलाच हवं. आणि निकाहात बायकांच्या बाजूला पुरुष मदतनीस चालत नाही. म्हणून तर मला काम मिळतं. आणि म्हणूनच अम्मीला उभं राहावं लागतं!

आज कोऱ्हाळ्यात साडेतीन तास उभी होती. नवरीची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "ए फोटोवाली, आईला हमाल केलंय व्हय गं?" सगळ्या हसल्या. अम्मीसुद्धा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ डिसेंबर

सायकलची ट्यूब कापून आवळली. एक फोटो काढला, दुसरा काढला — घसरली.

७ डिसेंबर, शनिवार

अम्मीचा गुडघा सुजलाय. मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसली होती. म्हटलं, पुढच्या कामाला येऊ नकोस. तर म्हणे, "गुडघ्याचं काय, घरात बसूनबी दुखतोयच की." अब्बा गेल्यापासून ती कुठं जात नाही, दिवसभर मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवते. या वयात तिनं माझं ओझं वाहायचं? राग माझा मलाच आला, काढला मात्र तिच्यावर.

बारामतीला नईमभाईच्या स्टुडिओत गेले. त्याच्याकडे बॅटरी अडकवायचा दणकट क्लॅम्प आहे. दिला? छे! वर सख्ख्या भावाचा सल्ला — "अम्मी हाय की धरायला." त्याची नव्हे जणू, माझी एकटीचीच आई!

मीच एक ऑनलाइन मागवला.

१२ डिसेंबर, गुरुवार

आला! लोखंडी आहे. दांड्याला दोन्ही बाजूंनी धरतो, मग मोठा स्क्रू गच्च आवळायचा आणि खालच्या हुकाला बॅटरी. वायर पोचेल इतपत खाली लावली, नाहीतर स्टँड कुणाच्या तरी डोक्यात पडायचा. खोलीभर ओढून पाहिला. ढिम्म हलली नाही! मी नाचायचीच बाकी होते.

अम्मीला दाखवलं. तिनं हात लावून बघितलं. "लई भारी. म्हंजे आता मी न्हाय यायचं?"

"न्हाय! आता आराम कर तू."

ती उठली. चहा टाकला. साखर विसरली.

१४ डिसेंबर, शनिवार

स्क्रू गायब!! काल पिशवीत क्लॅम्पसकट मी स्वतः ठेवला होता. आज सकाळी बघते तर नुसता क्लॅम्प. पिशवी उलटी केली, पलंगाखालून झाडून काढलं. अम्मीही गुडघा धरून शोधत होती बिचारी. हार्डवेअरच्या दुकानातला एकही स्क्रू बसेना, आटेच जुळत नाहीत. निघायची वेळ झाली. शेवटी अम्मीच. बरं तर बरं, तिची साडी इस्त्री करून तयार होती.

इंदापूरला पाच तास. त्यात तिला शाळेतली मैत्रीण भेटली, परवीन. जेवायला म्हणून बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. इतकी हसताना अम्मीला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पण तिकडं नवरी खोळंबली! एका हातात कॅमेरा, खांद्यावर बॅटरी — तीन फोटो हलले. घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

१६ डिसेंबर

क्लॅम्पवाल्यांना फोन. "मॅडम, स्क्रू वेगळा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या." अरे मेल्यांनो! घेतला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सेट अजून वाटेतच. उद्या लोणी देवकरचं काम. म्हणजे पुन्हा तेच, पुन्हा हमाल! डोकं नुसतं भणभणतंय.

संध्याकाळी

दुपट्ट्याला पिन हवी म्हणून अम्मीच्या मशीनचा खण उघडला. बटणांच्या डबीत, तळाशी, चिंधीत नीट गुंडाळलेला — स्क्रू.

डबी होती तशी बंद केली. घडीचं स्टूल सामानात टाकलं, अधूनमधून तिला टेकायला.

मग हाक मारली, "अम्मे, उद्या नऊला निघायचं बरं का."

आतून आवाज आला, "स्क्रू न्हाय घावला?"

"न्हाय."