हाडांची गोळी, भरला ग्लास

रविवार, संध्याकाळ. बजाजनगर.

मणका मोडल्यापासून माझ्या पायांत जीव नाही, हाडं ठिसूळ होत चाललीत. म्हणून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी हाडांची गोळी, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत. आज तो ग्लास आमच्या दाजींच्या डोळ्यांत खुपला.

"चालायचंच नाय तर हाडं कशाला जपतो? टँकरचा नेम नाय, अर्ध्या ग्लासात भागव."

दीडशहाणा! अर्ध्या ग्लासात गोळी घशाला चिकटते, हे याला कोण सांगणार? अन् का सांगू?

तासाभरानं हाच माणूस दारातली बंद पडलेली मोटारसायकल दोन बादल्या पाण्यानं धूत होता.

"दाजी, ती तर चालत नाय."

"म्हणून काय सडू द्यायची व्हय?"

स्वतःच्याच तोंडानं उत्तर दिलं, अन् गाढवाला पत्ताही नाही.