खाऱ्या पाण्यावरही नारळ उठतो

आणि वर तुम्ही मला कधी सांगितलंच नाही, अण्णा, की खाली पाणी खारं असलं तरी तळहातावरचा आडवा नारळ उठून उभा राहतो. सांगायला काय झालं होतं? अख्ख्या तालुक्याला विहिरींच्या जागा दाखवत हिंडलात, मी मागून पिशवी धरून चालायची. एकदा नारळ हातावर घेतला तर केवढ्यानं ओरडलात, "ठेव खाली! पोरींच्या हातात उठत नसतो." आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि इकडे ऑस्ट्रेलियात तुमचा जावई भेटेल त्याला सांगतो, माझी बायको पाणाड्याची मुलगी आहे. त्याच भरवशावर अॅडलेडचं घर विकलं आणि वाळवंटात जमीन घेतली. डाळिंब लावणार म्हणे.

तुम्हाला एकाच तऱ्हेचं कोरडं माहीत होतं. इथं किती तऱ्हा! जमीन बघायला उत्तरेला निघालो तर आधी नुसत्या दगडांचं मैदान, दगड असे तुकतुकीत की जणू कुणी तेल लावून मांडलेत. मग लांब पांढरं तळं दिसलं. मी गाडी थांबवायला लावली, धावत गेले, तर पायाखाली मीठ करकरलं. पुढं लाल वाळूच्या टेकड्या, एकीमागं एक, मग जीनच्या कापडातून टोचणारं गवत. आणि वारुळं! नजर जाईल तिथं वारुळं. वारूळ दिसलं की तुम्ही थांबायचात, पाणी आहे म्हणायचात. मी वेडी हरखले. ह्यांना म्हटलं, "अहो, इथंच घ्या."

नारळ उठला, अण्णा. मी मुद्दाम काही केलं नाही. तिथंच बोअर मारली. बोअरवाल्या गोऱ्या म्हाताऱ्यानं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि थुंकला. "सॉल्टी, लव्ह. सॉरी." हे मात्र ओंजळीनं पितच राहिले, पिऊन पिऊन गोड होणार असल्यासारखे. मुलीला फोन केला तर म्हणते, "आई, सिरियसली? यू यूज्ड अ कोकोनट?" मी फोन ठेवून दिला.

आता बोअरवाला सोमवारी परत येतोय. हे म्हणतात, "एकदा चुकलं असेल, परत बघ. तुझ्या रक्तातच आहे ते." ही बोअरही खारट लागली तर तिसरी मारायची आमची ऐपत नाही, आणि परत जायला घर नाही. म्हणून सकाळपासून नारळ घेऊन फिरतेय. जिथं जाते तिथं उठतोय. दगडावर उठतो, वाळूवर उठतो, शेडमधल्या सिमेंटवरसुद्धा उठला. तुमचाही असाच उठायचा का? कुठंही? मग लोकांच्या विहिरींना पाणी कसं लागायचं?

हे कागद कुठल्या पेटीत टाकायचे ते मला कळत नाही, आणि सिमेंटवरचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. आशेनं बघतात हो. सोमवारी मी कुठंतरी बोट दाखवणार. तुम्ही मला रविवारच्या आत सांगा.