हवा धरायची राहिली

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले ती खरं म्हणजे तुमच्याशी भांडायला.

आपला दिनू पलटणीत विमानातून उड्या मारतो, हे तुम्ही बघून गेलात. आता त्याला आग्र्याला फार उंचावरून, तोंडाला ऑक्सिजन लावून मारायच्या उड्यांसाठी निवडलंय. ‘आई नको म्हणाली तर नाव मागं घेतो,’ असं त्यानं कळवलं आणि आईनं जेवणच सोडलं.

याला कारण कोण? तुम्ही! बाहेरच्या खोलीत तुमच्या शिकवण्या चालायच्या आणि आत आई भाकरी थापायची. “पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतच जातो. हवेचा विरोध नाही असं धरा.” इतकी वर्षं ऐकून तिला ते पाठ झालंय.

“जितकं उंच, तितकं जोरात. तुझं अण्णा काय खोटं सांगत न्हवतं,” ती मला म्हणाली. गणित बरोबरच होतं. नुसती हवा धरायची राहिली होती. एकदा तरी धरायची होती ना अण्णा, तिच्या कानावर पडेल अशी?

रविवारी तिला जोतिबाला नेलं. पालखीवर लोकांनी गुलाल-खोबरं उधळलं. खोबरं पटकन खाली आलं, गुलाल डोक्यावर रेंगाळत राहिला. मी म्हटलं, “आई, हवा नसती तर दोन्ही संगटच पडलं असतं की.” मग पायऱ्यांवर बसून तिला सगळं सांगितलं. फार वर हवा विरळ, म्हणून दिनू आधी भन्नाट वेगानं येणार. पण खाली येईल तशी हवा दाट होते, त्याला खालून रेटते, आणि छत्री उघडायच्या आधीच त्याचा वेग कमी व्हायला लागतो.

“पडता पडता हळू व्हतंय व्हय पोरगं?”

“व्हय की.”

ती बराच वेळ पदरावरचा गुलाल झटकत बसली. मग म्हणाली, “ल्ही त्याला. मार म्हणावं उडी. वर गारठा असंल, कानटोपी घाल म्हणावं.” घरी येऊन पोटभर जेवली. मला मात्र रडू आवरेना. तुम्ही असायला पाहिजे होतात, अण्णा.

भीती मलाही वाटतेच. पण दिनूला आवडीचं काम मिळतंय आणि आई त्याला अडवत नाही, याचा आनंद जास्त आहे.

उडीच्या दिवशी ती गच्चीवर जाऊन आभाळाकडं बघत बसणार. आग्रा तिथून दिसत नाही, हे तिलाही कळतं. मी रजा टाकून तिच्याशेजारी बसेन. दिनूची तार येईपर्यंत तिला एकटीला वर बघू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
कुसुम