पेर्मेस्सो म्हणजे ‘येऊ का?’

१२ जुलै, शनिवार
सगळ्यात आधी आली ती त्यांची पोरगी, लोटे. गाडी थांबते न थांबते तोच उतरली आणि थेट माझ्या कोंबड्यांच्या मागे. मागून आई फेम्के, आणि सगळ्यात शेवटी बाप वाउटर, शिडीएवढा उंच. हॉलंडचे लोक. आमचं थोरलं घर आठवडाभर त्यांना भाड्यानं दिलंय. मी अंगणापलीकडे, जुन्या भट्टीच्या खोलीत.
माझी लेक ऑर्नेल्ला बजावून गेली, “आई, पाहुणे आहेत तोवर त्या घरात पाऊल टाकायचं नाही. मागच्यांनी तक्रार केली. पुन्हा झाली तर सगळा उन्हाळा माझ्याकडे, गावात, चौथ्या मजल्यावर!” चौथा मजला! कोंबड्या काय बाल्कनीत पाळू?
ठरलं. पाऊल टाकणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

१३ जुलै
टाकलं. पण हे धरायचं नाही. भर दुपारी खिडक्यांच्या झडपा सताड उघड्या! ऊन आत, माश्या आत. माझा नवरा सेत्तीमिओ असता तर हाय खाऊन पुन्हा मेला असता. ‘पेर्मेस्सो?’ म्हटलं आणि गेले. आमच्याकडे उंबऱ्यावर तसंच म्हणतात, येऊ का म्हणून. म्हणायचं आणि शिरायचं. उत्तराची वाट बघत बसलं तर चुलीवरचा सॉस करपतो.
नवराबायको आडवी झाली होती. छान अंधार केला तर दोघं ताडकन उठून बसली. आभारच मानायचे असणार. पण मी थांबले नाही. भिडस्त स्वभाव मेला.

१४ जुलै
जेवण झालं की पोर अंगणातल्या पोहायच्या हौदात! जेवून तीन तास पोहायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. धावले. काठावर उभी राहून ओरडले. मग फेम्केनं फोन पुढे धरला. फोनमधली बाई आमच्या भाषेत म्हणाली, “आम्हाला एकांत आवडतो.” मलाही आवडतो गं, म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. बराच वेळ दोघींनी मिळून एकांत केला.

१५ जुलै
आज जाणार नाही. शेंगा सोलते.
(संध्याकाळी) शेंगा संपल्या.

१६ जुलै
दाराला आतून कडी! या उन्हात! काही झालं तर नाही ना? मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असतेच. लाझान्याचा ट्रे घेऊन गेले. मला बघताच लोटे किंचाळली, “पेर्मेस्सो! पेर्मेस्सो!” लगेच आईबाप उठून उभे. चार दिवसांत पोर आमच्या रीतीभाती शिकलं. आता मी अंगणात नुसती दिसले तरी ती ‘पेर्मेस्सो’ ओरडते आणि घरातली दारं धडाधड लागतात. वारा सुटतो हल्ली.

१८ जुलै
पक्कं ठरवलं, शेवटचा दिवस, जायचं नाही. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. पाय स्वस्थ राहीनात. तेवढ्यात दिसलं, पोर ओल्या केसांनी पंख्यासमोर! मान धरेल ना! टॉवेल घेऊन उंबऱ्यापर्यंतच गेले. म्हणजे, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. लोटेनं केस पुसू दिले. वर कोंबडीचं एक पीसही मागितलं.

१९ जुलै, शनिवार
गेले. किल्ल्या घ्यायला ऑर्नेल्ला आली होती. गाडीपाशी फेम्के किती वेळ तिच्याशी बोलत होती. मी आपली पुटपुटत होते, चौथा मजला, चौथा मजला.
ऑर्नेल्ला आली ती डोळे पुसत, हसून हसून. म्हणाली, “अगं आई, त्यांना वाटलं पेर्मेस्सो हे तुझं नाव आहे!”
तक्रार? नाही! लाझान्याचा ट्रे चाटूनपुसून रिकामा. घर स्वर्ग आहे म्हणे, परत येणार म्हणे! बघ म्हटलं लेकीला, तुझा तो चौथा मजला ठेव तुझ्याकडेच.
तारीख पक्की करायच्या आधी फेम्केनं मुद्दाम विचारलं म्हणे, पेर्मेस्सो आजी समुद्रावर कधी जातात? किती काळजी परक्या बाईला! मी समुद्रावर जाणार आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ऑर्नेल्लानं आत्ताच ठरवलंय म्हणे, पुढच्या वर्षी, आठवडाभर.
आणि नशीब बघा, त्यांचं येणं आणि माझं जाणं, दोन्ही नेमकं एकाच दिवशी! लेकीला सांगून माझं पुढे ढकलून घेते. लोक एवढ्या लांबून येणार आणि मीच नाही, किती हिरमोड होईल बिचाऱ्यांचा.
ते यायचे आहेत आठ ऑगस्टला, शनिवारी.