सुई हातात दिली त्यो उन्हाळा

३ मे, रविवार
चिऊला ताप न्हाई.
डाक्टर म्हनले रोज लिव्हत जा, ताप कवा येतो, किती येतो. म्हनून ही वही. दिवाळीत तापात झटका आला माझ्या पोरीला, तवापास्नं लिव्हतीया. आठवी शिकल्याली मी, हात वळत न्हाई पटकन.
आज शेजारची जिजाक्का आली. नात्यानं चुलतसासू. म्हनली, कोमले, उद्यापास्नं माझ्या पडवीत ये आन् पोरांना शिवाया शिकव. शाळेला सुट्टी लागली. आया सगळ्या रिसॉर्टावर कामाला, पोरं दिसभर धरनाच्या पान्याकडं. परवा एकाला वडून काढला. बसवून ठिवाया कायतरी पायजे. तुझा शिवणाचा क्लास झालाय, मला तर आता सुईचं भोक दिसत न्हाई.
मी म्हनलं चिऊकडं कोन बघंल. तर म्हनली, तिला काय घरात लोणच्यावानी मुरत घातलीयास व्हय? संगं आन.
ह्ये भाकरी खात व्हते, हसले. 

४ मे
ताप न्हाई.
गेले. सात-आठ पोरं. जिजाक्काचा कायदा असा, आधी हिरीवरनं बादली आनायची, भाजीला घालायची, मग सुई. भेंडी, गवार, चवळी, काकडीचा एक वेल. सगळं घरामागं उताराला. पोरं बादलीतलं निम्मं पानी सोताच्याच पायावर सांडत्यात.
मी पयल्यांदा काय शिकवलं तर झटका आला तर काय करायचं त्ये. सगळ्यांना बसवून. चिऊला असं झालं तर कुशीवर घालायचं. तोंडात कायबी घालायचं न्हाई. चमचा न्हाई, बोट न्हाई, पानी न्हाई. नाकाला कांदा न्हाई, चप्पल न्हाई. आवळून धरायचं न्हाई. मला हाक मारायची. डाक्टरनी सांगितलं तसंच सांगितलं.
 जिजाक्का म्हनली, बया, शिवण शिकवाया आलीस का भ्या घालाया.

६ मे
ताप न्हाई.
सुई देत न्हाई अजून. पोत्याचं तुकडं, बोथट दाभण आन् सुतळी. धावदोरा. खालनं वर, वरनं खाली. रेणू म्हनून एक पोरगी हाय, चौथीला जाईल आता. तिचे आईबाप परभनीकडचे, रिसॉर्टावर कामाला. तिचा टाका बघून मला मशीन आठवली. सरळ जातो. कुनी शिकवलं इचारलं तर म्हनली, तुमीच की आत्ता.
वाडीतला बंड्या बसला न्हाई. पोरीचं काम हाय म्हनला. जिजाक्कानं त्याला गवारीच्या वाफ्यात तण काढाया घातला, उन्हात. तासाभरानं आपनच येऊन बसला सावलीला. दाभण द्या म्हनला.

९ मे
ताप न्हाई. थोडं नाक गळतंय.
शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. चिऊचं नाव पयलीत घातलंय ह्यांनी. मला न इचारता. शाळा वरच्या वाडीला, मधी ओढा, मग डांबरी रस्ता, त्यावर पुन्याच्या गाड्या सुसाट. मी बाईंना म्हनलं, तिला झटका येतो. बाई म्हनल्या, डाक्टर काय म्हनत्यात? डाक्टर म्हनत्यात वय वाढलं की जातंय ह्ये, शाळेला पाठवा. पन डाक्टरनी बघितलं न्हाई तिला तवा. डोळं फिरलेलं मी बघितलं. ववठ निळं मी बघितलं. तवापास्नं अंगणवाडी सोडवली ती सोडवलीच.
ह्ये माणला कंपनीची बस चालवत्यात. सकाळी अंधारात जात्यात. त्यांना काय, फोन गेला की यायचं. मी इथं.
मी बाईंना हो म्हनलं न्हाई. नको बी म्हनलं न्हाई.

१२ मे
ताप न्हाई.
आज सुई दिली. सगळ्यांना एक एक. 
जिजाक्काकडं मागल्या सालचं वाळलेलं घोसाळं हाय, आतली जाळी तेवढी राहिल्याली. जाताना ज्यानं त्यानं आपली सुई त्यात टोचायची, मग घरी. सुई कमी असली तर कुनी हलायचं न्हाई. आज एक कमी पडली. सगळी पोरं गुडघ्यावर, पडवी हातानं चाचपतायत. बंड्याच्या शर्टाच्या कालरला निघाली. त्यानंच टोचून ठिवल्याली, बापावानी. बाप त्याचा कालरला दात कोरायची काडी खोवतो.
चिऊनं सुई मागितली. मी न्हाई म्हनलं. जिजाक्कानं नुसतं माझ्याकडं बघितलं. त्ये बोलण्यापेक्षा वाईट.

१५ मे
गोधडी घालायचं ठरलं. जिजाक्काच्या जुन्या लुगड्याचे थर, वरनं पोरांनी घरनं आनलेले तुकडे. रेणूनं आईच्या कामाच्या ड्रेसचा खिसा आनला, फाटलेला. जिजाक्का म्हनली कडेनं सुरू करायचं, फिरत फिरत आत यायचं, मधी संपवायचं. सगळी चारी बाजूनं बसली. भांडत्यात पन सुई थांबत न्हाई. मला लई नवल वाटतं. माझ्या आईला मला या वयात इतकं बसवता आलं नसतं.
ताप न्हाई.

१७ मे
आज लाजच गेली.
गोधडीवर चिऊ झोपली व्हती माझ्या मांडीशी. मी शिवत व्हते, बोलत व्हते, टाका चालू. ती उठली तर गोधडीच उठली. फ्रॉकाचा घेर सगळा शिवून टाकलेला मी. वीतभर. पोरं लोळली हसून. बंड्या म्हनला, काकीनं चिऊ टाचून ठिवली, पळू नये म्हनून.
जिजाक्काच्या डोळ्यात पानी हसून हसून. म्हनली, मी बी एकदा सोताचं लुगडं गोधडीला शिवलं व्हतं, पन मी त्यात व्हते, मला कळलं तरी.
मी बी हसले. मग टाके उसवताना हसू थांबलं. चिऊ गप उभी राहिली व्हती, हात वर करून, सवय असल्यावानी.

१८ मे
चिऊला दाभण दिली. सुई न्हाई. दाभण.

२१ मे
पयली भेंडी. जिजाक्का रोज जाताना पोरांना वाटून देती, ज्यानं पानी घातलं त्याला. मूठभर मूठभर. रेणूच्या आईनं निरोप धाडला, भाजी चांगली लागली, पोरगी पान्याकडं जात न्हाई ह्ये त्याहून चांगलं. जिजाक्का निरोप ऐकून उगा वेलाकडं बघत राहिली. नवरा गेला, पोरगा म्हाळुंग्याला फ्लॅटमधी, बोलवतो पन जात न्हाई. म्हनती तितं गॅलरीत पुदिना लावत्यात आन् त्याला शेती म्हनत्यात. या वयात आख्ख्या वाडीची पोरं संबाळती. मला एक संबाळता येत न्हाई.
ताप न्हाई लिव्हायचं इसरले. आज बघितलं तर पंधरा तारखेपास्नं लिव्हलंच न्हाई. भ्या वाटलं उगाच. हात लावून बघितलं. गार व्हती.

२६ मे
चिऊचा टाका वाकडा जातो. उसवू देत न्हाई. ही माझी वाट हाय म्हनती.
रेणू तिला शेजारी घेऊन बसती. मी सांगितलं न्हाई, आपनच. मला म्हनली, काकी, तुमी लई भेता. तुमी उठून पानी प्यायला गेला तरी परत परत बघता. मी म्हनलं तुला पोर झालं की कळंल. ती म्हनली, माझा भाऊ मीच संबाळलाय की, आई कामाला जाती. 

२ जून
पौडला जायचं व्हतं. गोधडीचा दोरा संपला, जिजाक्काच्या डोळ्याचे थेंब बी. जिजाक्का म्हनली, चिऊला ठिव हितं, गाडीत ऊन लागंल तिला. तू येशील तवर दोन घास खाईल ती. मी न्हाई न्हाई म्हनत ठिवली. पयल्यांदाच.
आज लिव्हवत न्हाई. उद्या लिव्हते.

३ जून
लिव्हते आता.
काल सकाळीच अंग कोमट व्हतं तिचं. मी हात लावला व्हता, उन्हानं असंल म्हनलं. दुपारी ताप चढला आन् जिजाक्काच्या पडवीत झटका आला. मी पौडच्या स्टँडवर, जीपची वाट बघत.
रेणूनं सांगितलं, मग बंड्यानं, मग सगळ्यांनी एकदम. चिऊ ताठ झाली, डोळं फिरवलं. जिजाक्का घाबरली. पायातली चप्पल काढून नाकाला लावाया गेली. हितं सगळे तेच करत्यात, माझ्या सासूनं बी तेच केलं व्हतं दिवाळीला. रेणूनं तिचा हात धरला. म्हनली, "आक्का, चप्पल न्हाई. काकीनं सांगितलंय."
कुशीवर घातली. डोक्याखाली गोधडीचा कोपरा. सुया सगळ्या आधी गोळा केल्या बंड्यानं, घोसाळ्यात टोचल्या, चिऊला लागू नये म्हनून. ह्ये मी सांगितलं नव्हतं. कुनीच सांगितलं नव्हतं. कुनी धरलं न्हाई, कुनी तोंडात काय घातलं न्हाई. थांबलं आपोआप. मग रडली, मला मागितलं. बंड्या पळत जाऊन रस्त्याला उभा राहिला जीप थांबवाया.
मी आले तर चिऊ रेणूच्या मांडीवर. जिजाक्का खांबाला टेकून. मला म्हनली, "कोमले, मी चुकत व्हते गं. पोरीनं हात धरला माझा." येवढ्या वयाची बाई, सगळ्या पोरांदेखत. मला तिचं पाय धरावं वाटलं. मी चिऊला घिऊन तिच्याशेजारी बसले.
डाक्टरकडं नेलं. घशाचा ताप. झटका लहानसाच, म्हनले. कुनी केलं ह्ये बरोबर, इचारलं. मी म्हनलं, पोरांनी.

५ जून
ताप उतरला. ह्ये दोन दिस घरी. म्हनले, आता शाळेचं तू ठरव, मी बोलनार न्हाई. त्ये बोलले नसते तर बरं झालं असतं.
झटका परत आला ह्ये बी खरं. मी नव्हते तरी निभावलं ह्ये बी खरं. दोन्ही एकाच दिसाचं. कुठलं धरू.

९ जून
गोधडी पुरी झाली. मधला टाका चिऊनं घातला, सुईनं. मी दिली. जिजाक्कानं आत भाकरीचा घास ठिवाया लावला, शिवायच्या आधी. गोधडीचं पोट भरायचं म्हनती, म्हंजे पांघरनारा उपाशी झोपत न्हाई. बंड्या म्हनला, उंदीर येतील. जिजाक्का म्हनली, ती बी जेवतील.
गोधडी कुनाची यावर भांडन. एक एक आठवडा एकेकाच्या घरी, असं ठरलं. पयला आठवडा रेणूकडं. कुनी हरकत घेतली न्हाई, बंड्यानं बी.
गवार आता राठ झाली. बियाला सोडलीया.

१३ जून
चिऊचा युनिफॉर्म शिवला. शिवायला काय, शिवते. पाठवायचं का ते नंतर. घेर मोठा ठिवलाय. गळ्याला बटण पुढनं घेतलं, सैल कराया सोपं.
रेणूला दाखवलं कसं सोडायचं. ती म्हनली दिसतंय की.

१५ जून, सोमवार
सकाळ. ह्ये गेले. चिऊ न्हाली, युनिफॉर्म घातला, भाकरी खाल्ली. कपाळाला हात लावला, गार. परत लावला.
रेणू, बंड्या, बाकीची सगळी दारात आली. ओढ्याला पानी न्हाई अजून, मी काल जाऊन बघून आले. रेणू म्हनली, काकी, चिऊ येनार का?
मी म्हनलं, तुमी व्हा पुढं, उशीर हुईल.
बंड्या आन् बाकीची गेली. रेणू ओट्यावर बसली दप्तर मांडीवर घिऊन. म्हनली, मी थांबते. चिऊ तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघी रस्त्याकडं बघत्यात.
मी आत येऊन ह्ये लिव्हतीया. शाळेची घंटा व्हायची हाय अजून.